गाजर गवताला हरवायचं तर कोणतं रोप? नागपुरातल्या एका मोकळ्या प्लॉटसाठी उत्तर

प्रश्न थोडक्यात असा: बेसा भागात घराला लागून स्वतःचाच ३० बाय ५० फुटांचा मोकळा प्लॉट आहे. दर पावसाळ्यात त्यावर गाजर गवत कमरेएवढं होतं. फाटकाजवळ भरणीच्या मातीत मोथा आणि हरळी आहे, मागे कडुनिंबाच्या आसपास रानतुळस. ऑगस्टमध्ये मशीन लावून सगळं कापून घेतात, पण पंधरा दिवसांत ते पुन्हा फुटतं. मुलाच्या हातांवर पुरळ येतं. नर्सरीवाल्याने पिवळ्या फुलांचं वेडेलिया सुचवलं, "एकदा लावा, दुसरं काही उगवणारच नाही" म्हणून. ते लावावं का? नाही तर जोमाने पसरणारं दुसरं काय लावावं? घरी बोअरचं पाणी आहे, पण मे महिन्यात बेताचंच.

ताई, वेडेलिया लावू नका. नर्सरीवाला खोटं बोलत नाहीये, त्याच्याखाली खरंच फारसं काही उगवत नाही. पण ते मूळचं उष्ण कटिबंधातल्या अमेरिकेचं, आणि जगातल्या सर्वांत उपद्रवी १०० आक्रमक प्रजातींची जी यादी आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या तज्ज्ञगटाने केली आहे, तिच्यात घाणेरी आणि जलपर्णीच्या पंगतीला बसलेलं आहे. घाणेरी म्हणजे आपल्याकडची रायमुनिया. तीही शोभेचं झुडूप म्हणूनच या देशात आली होती आणि आता जंगलातून निघता निघत नाही. वेडेलियाची फांदी जिथे मातीला टेकते तिथे पेऱ्यातून मुळं सोडते. तुम्ही छाटणी केली, माळ्याने ती नाल्याकाठी टाकली, की पुढच्या पावसाळ्यात नाल्याचा काठ पिवळा. तुमच्या प्लॉटवर मात्र मे महिन्यात पाणी कमी पडलं की तेच वेडेलिया वाळून विरळ होणार. म्हणजे हवं तिथे टिकत नाही आणि नको तिथून हटत नाही. काट्याने काटा काढायला माझी हरकत नाही, पण काढणारा काटाच पायात राहायला नको.

गुलाबी फुलांची आइसक्रीमची वेल हीदेखील याच कारणासाठी नको. कोणतंही "झटपट झाकणारं" रोप विकत घेण्याआधी एकच विचारून बघा: उद्या हे नको झालं तर एका हंगामात, खुरपीने, मी हे पूर्ण काढू शकेन का? उत्तर "नाही" असेल तर ते कितीही सुंदर असो, नर्सरीतच बरं.

आता "जोमाने पसरणारं" याबद्दल. नागपुरात रोप किती वेगाने पसरतं यापेक्षा ते केव्हा पसरलेलं असतं याला जास्त किंमत आहे. होळीनंतर माती उघडी पडते. एप्रिल-मेमध्ये पारा ४५ च्या पुढे जातो, पाणी न दिलेल्या जागेवर हिरवं काही राहत नाही. मग जूनच्या मध्याला पाऊस येतो आणि सगळी जमीन एकदम मोकळी मिळते. गाजर गवताच्या एका झाडाला १५ ते २५ हजार बिया धरतात आणि त्या मातीच्या वरच्या थरात तयार बसलेल्या असतात. उगवल्यावर हे झाड आधी पानांचं चक्र करून जमिनीला चिकटून बसतं. मग मधूनच दांडा वर काढतं आणि उगवल्यापासून चार-सहा आठवड्यांत फुलायलाही लागतं. ते जमिनीला चिकटलेलं असतं तेवढाच काळ आपला. त्या वेळी त्याच्यावर दुसऱ्या कोणाची दाट सावली असेल तर ते रोडावतं, बी कमी धरतं किंवा धरतच नाही. एकदा दांडा वर आला की घोट्याएवढ्या उंचीचं कोणतंही ग्राउंड कव्हर त्याचं काही वाकडं करू शकत नाही.

म्हणून जूनच्या शेवटच्या आठवड्यात तुमच्या जमिनीवर सावली कोणाची आहे, एवढंच मी बघतो. जुलैत लावलेलं सर्वांत वेगवान रोप हरतं आणि जूनच्या आधी जागा धरून बसलेलं मध्यम चालीचं रोप जिंकतं. लोक पहिला दणदणीत पाऊस झाला की नर्सरीत जातात. तोवर निकाल लागून गेलेला असतो.

दुसरी गोष्ट आपल्या काळ्या मातीची. ही माती उन्हाळ्यात भेगाळते. वरच्या बिया भेगांतून खाली जातात, पावसात माती फुगते, खालची वर येते आणि वर्षानुवर्षं पुरलेलं बी पुन्हा उजेडात येतं. खोल गेलेलं गाजर गवताचं बी उगवत नाही, पण मरतही नाही, काही वर्षं तसंच पडून राहतं. शेताला उन्हाळी नांगरणी चांगली, कुंद्यासारख्या खोल मुळांच्या तणाला तर तीच लागते. पण गाजर गवताच्या प्लॉटवर जेसीबीने किंवा कुदळीने सगळं उकरून काढणं म्हणजे जुनी तिजोरी आपणच उघडून देणं. जमीन हलवायची ती वरची एक-दोन इंच, त्याहून खोल नाही. प्लॉटवर खरंच काळी माती आहे का, हेही फूटभर खड्डा खणून बघून घ्या. बेसा-मनीषनगरच्या ले-आउटमध्ये बऱ्याचदा वर मुरूम किंवा बांधकामाचा मलबा टाकलेला असतो. त्यावर रोपांची निवड थोडी बदलते, ते पुढे सांगतो.

मशीनने कापून का भागत नाही, तेही यातच आलं. कटर जमिनीपासून तीन-चार इंचांवर कापतो. खालचा बुंधा शाबूत राहतो आणि त्याला चार बाजूंनी फांद्या फुटतात. त्या फांद्या आधीच्या उंचीलाही न जाता फुलतात. वर ऑगस्टपर्यंत पहिलं बी पडूनही गेलेलं असतं. कापायचंच तर फुलं येण्याआधी आणि मातीच्या पातळीखाली, मुंडी तुटेल असं. ओल्या मातीत हाताने उपटलं तर मुळासकट येतं, कोरड्या काळ्या मातीत नाही. तिथे खुरपी तिरकी घालून अर्धा-एक इंच खाली छाटावं.

सध्या मार्च सुरू आहे, म्हणजे मृगाला तीन महिने आहेत. या तीन महिन्यांत रोप लावायचं नाही, जागा तयार करायची. आधी उभं वाळलेलं गाजर गवत सकाळी, हवा शांत असताना, न झटकता कापून पोत्यात भरा. पेटवू नका. धूर त्रासदायक असतो आणि जळून उघडी झालेली जमीन गाजर गवताच्याच पथ्यावर पडते. हे काम करणाऱ्याच्या हातात मोजे, तोंडावर फडकं आणि अंगात पूर्ण बाह्यांचा शर्ट हवा. ते कपडे वेगळे धुवायचे. मुलाला या कामाच्या जवळपासही फिरकू देऊ नका. गाजर गवतातल्या पार्थेनिन नावाच्या द्रव्याची अॅलर्जी एकदा जडली की दर वेळी थोड्या संपर्कानेही त्वचा बिघडू शकते. त्याचं पुरळ अंगणातल्या उपायांनी बरं व्हायची वाट न बघता त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.

मग याच मार्चमध्ये, रात्री अजून फार तापलेल्या नाहीत तोवर, सगळ्या प्लॉटला दोनदा हलकं पाणी द्या. वेड्यासारखं वाटेल, पण आपल्याला वरच्या थरातलं बी उगवूनच हवं आहे. आठ-दहा दिवसांत हिरवी लव दिसली की खुरपीने किंवा छोट्या डवऱ्याने वरवर खरवडून उन्हात टाका. शक्य असेल तर हे दोनदा करा. कडक उन्हाळा लागला की गाजर गवताचं बी नीट उगवत नाही, म्हणून एप्रिलच्या मध्यानंतर या खेळात अर्थ नाही. नेमका याच गोष्टीचा फायदा आपण जूनमध्ये उलट्या बाजूने घेणार आहोत.

मुख्य जागा, म्हणजे मधली साधारण १००० चौरस फूट. इथे पहिल्या वर्षी ताग आणि बरबटी मिसळून पेरा. (पुण्या-मुंबईचे वाचक असतील तर बरबटी म्हणजे चवळी.) हिरवळीच्या खतासाठी ताग हेक्टरी ५०-६० किलो लागतो, त्या हिशेबाने तुमच्या जागेला अर्धा किलो पुरेल. पण आपल्याला खत नको, सावली हवी, म्हणून दुप्पट, एक किलो टाका आणि बरबटी पाव ते अर्धा किलो. बी कृषी केंद्रातून घ्या. किराण्यातली चवळी उगवते, पण तिच्यात वेल जाणारी किती आणि झुडपी किती ते कळत नाही. आपल्याला वेल जाणारी हवी. पेरणी जूनच्या पहिल्या-दुसऱ्या तारखेला, पावसाची वाट न बघता, बोअरच्या पाण्यावर. तेव्हा ४०-४२ अंश असतं. ताग आणि बरबटी त्या उष्णतेत ओल मिळाली तर मजेत उगवतात, गाजर गवत अजून बिचकत असतं. पाऊस लागेपर्यंत तुमचा ताग वीतभर झालेला असतो आणि ही दहा-पंधरा दिवसांची आघाडी मागून कोणालाही भरून काढता येत नाही. पाणी फार लागत नाही. पेरल्यावर एकदा चांगलं भिजवायचं, मग पाऊस येईपर्यंत दर तीन-चार दिवसांनी हलकं. बियांवर चिमण्या-कबुतरं येतात, पातळ तणस (भाताचा पेंढा) पसरून ठेवा.

ताग सरळ वर जातो, बरबटी खालून पसरून त्याच्यावर चढते. दोघं मिळून जमिनीवर जी सावली करतात तिच्यात गाजर गवत उगवतं, पण दोऱ्यासारखं बारीक राहतं. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात, म्हणजे पेरल्यापासून साधारण ४५ दिवसांनी, तागाला कळ्या दिसू लागल्या की सगळं बुडातून कापून तिथेच आडवं पाडा. शेतकरी ते मातीत गाडतात. आपण गाडायचं नाही, जमीन हलवायची नाही हे ठरलं आहे. चार बोटं जाडीची ती हिरवी चादर हेच पुढच्या महिन्याचं आच्छादन. बरबटीच्या शेंगा खायच्या असतील तर कडेचा एक पट्टा राखून ठेवा.

आणि आता, त्या पाडलेल्या तागातून, कायमचं रोप लावायचं. इथे मी दोनच नावं सुचवतो, कारण दोन्ही इथलीच आहेत आणि नागपूरचा मे बघून बसलेली आहेत.

पहिलं मारवेल गवत. आपल्या काळ्या जमिनीच्या धुऱ्यांवर (शेताच्या बांधांवर), पडीत कुरणांत ते आपोआप असतं. गुरं आवडीने खातात. मे महिन्यात वरून वाळतं, पण ठोंब जिवंत राहतात आणि पहिल्या पावसाबरोबर फुटतात. आपल्याला हवी असलेली वेळ ते स्वतःच पाळतं. मुळासकट ठोंब आणून, दीड फुटाच्या ओळीत फूटभर अंतराने लावा. आषाढ-श्रावणाच्या पावसात ते लगेच जीव धरतात. जागा मुरमाड निघाली तर मारवेलऐवजी पवना हे गवत अधिक चांगलं टिकतं. वर्षातून दोनदा, ऑगस्टअखेर आणि नोव्हेंबरमध्ये, वीतभर उंची ठेवून कापायचं आणि गवत गोरक्षणाला द्यायचं. एक काळजी मात्र घ्या: फेब्रुवारीनंतर वाळलेलं उंच गवत घराजवळ उभं ठेवू नका. उन्हाळ्यात एक विडी पुरते.

दुसरं जलपिंपळी, काही जण रतोलिया म्हणतात. आपल्या तलावांच्या काठी पाणी ओसरलेल्या चिखलात जी जमिनीलगत जाळी पसरलेली दिसते आणि जिच्यावर पांढरट-जांभळी मणीवजा फुलं येतात, ती. पावसाळ्यात पाणी साचलं तरी चालतं आणि उन्हाळ्यात काठ भेगाळला तरी तग धरते. काळ्या मातीला असं दोन्ही सोसणारं रोप दुर्मीळच. वीतभर लांबीचे, पेऱ्यांवर मुळं असलेले तुकडे नऊ इंचांवर लावले तर पोळ्याच्या सुमाराला जमीन दिसेनाशी होते. थोडं चालणं-फिरणंही सोसते. फुलांवर मधमाश्या भरपूर येतात, हा गुण आहे. पण मुलं अनवाणी खेळणार असतील तर फुलांच्या दिवसांत वरून कापत राहा. आता तिची मर्यादा: ती बुटकी आहे. पहिल्या पावसाळ्यात तिच्यातून गाजर गवत डोकं काढणारच आणि ते हाताने उपटावं लागणार. म्हणून जलपिंपळी फक्त घरासमोरच्या, रोज नजरेखाली असलेल्या तुकड्यात लावा. मागची जागा मारवेलला द्या. सगळा प्लॉट जलपिंपळीचा करू, दिसायला छान दिसेल, असं वाटेल. तो मोह आवरा.

पिंटो भुईमुगाबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण आज ना उद्या कोणी तरी सुचवेलच. हिरवागार, पिवळ्या फुलांचा, फोटोत फारच देखणा. ज्याच्याकडे ठिबक आहे आणि दुपारची सावली आहे त्याने जरूर लावावा. बेशिस्त पाण्यावर, उघड्या काळ्या मातीत, तो मेमध्ये पानं टाकून देतो आणि जूनमध्ये नेमकी आपल्याला गरज असताना जमीन उघडी असते.

प्लॉटच्या कडेची, रस्त्यालगतची दोन-तीन फुटांची पट्टी वेगळी धरा. तिथे पाणी पोहोचत नाही, लोक कचरा टाकतात आणि शेजारचं बी तिथूनच आत शिरतं. तिथे तरोटा लावा. हसू नका. जो तरोटा तुम्ही आजवर तण म्हणून उपटत आलात, तो गाजर गवताला दाबणाऱ्या वनस्पतींमध्ये तज्ज्ञांच्या शिफारशींत नेहमी असतो. दाट, सरळ, कमरेपर्यंत, आणि पहिल्या पावसालाच उगवणारा. नोव्हेंबरमध्ये शेंगा वाळल्या की पडीत जागेवरून बी गोळा करायचं आणि मेअखेर फेकायचं. या वर्षी कोणाकडे साठवलेलं बी मिळालं तर बघा, नाही तर जुलैत कोवळी रोपं उपटून आणून दाटीने लावा. कोवळ्या पानांची भाजी होते हे आपल्याकडे सांगायला नको. फक्त रस्त्यालगतची खाऊ नका. झेंडूचाही असाच उपयोग होतो आणि दसऱ्याला फुलं मिळतात, पण कुंपणाबाहेर तो लोक तोडून नेतात.

जुलै-ऑगस्टमध्ये गाजर गवताच्या पानांवर दुधट रंगाचे, पाठीवर गडद तपकिरी नागमोडी रेषा असलेले छोटे भुंगे दिसले तर त्यांना मारू नका, औषध फवारू नका. हे मेक्सिकन भुंगे, गाजर गवत खाण्यासाठीच १९८० च्या दशकात मुद्दाम भारतात आणलेले. जबलपूरच्या तण संशोधन संचालनालयातून ते लोकांना सोडण्यासाठी मिळतात. एकट्या भुंग्यांनी प्लॉट साफ होत नाही, पण अर्धं कुरतडलेलं गाजर गवत तरोट्याशी किंवा मारवेलशी झुंजताना लवकर हरतं. पाऊस संपला की ते मातीत जाऊन झोपतात. जमीन न उकरण्याचं आणि न जाळण्याचं हे आणखी एक कारण.

फाटकाजवळचा मोथा आणि हरळी हे वेगळं दुखणं आहे आणि मी सांगितलेलं वरचं काहीही तिथे पुरणार नाही. गाजर गवत बियांवर जगतं, ही दोघं मातीखालच्या गाठींवर आणि मुळ्यांवर. मोथा तर काळ्या प्लॅस्टिकलाही भोक पाडून वर येतो. पण दोघांनाही सावली सोसत नाही, हा त्यांचा कच्चा दुवा. फाटकाजवळची जागा लहान असेल, शंभर-दीडशे चौरस फूट, तर आधी उन्हाचा उपयोग करा. एप्रिलच्या शेवटी माती भिजवून, सपाट करून, तिच्यावर पारदर्शक पातळ प्लॅस्टिक घट्ट ताणा, कडा मातीत दाबा आणि पाच-सहा आठवडे तसंच ठेवा. पारदर्शकच, काळं नाही: ऊन आत गेलं पाहिजे. आणि माती ओली हवी, कोरड्या मातीतलं बी भाजत नाही. याने वरचं बी आणि हरळीच्या वरवरच्या मुळ्या बऱ्याच जातात. मोथ्याच्या खोल गाठी उरतात.

उरलेल्यांसाठी रताळ्याचा वेल. प्लॅस्टिक काढलं की जूनमध्ये दोन-दोन फुटांवर सऱ्या पाडून, वीत-दीड वीत लांबीच्या वेलाच्या कांड्या फूटभर अंतराने लावा. लावल्यानंतरचा महिनाभर दर आठवड्याला मोथा निंदावाच लागेल, त्यात सूट नाही. पुढे रताळी स्वतः झाकून घेतात. त्यांची पानं एवढी दाट होतात की खालचा मोथा पिवळा पडतो. शिवाय रताळ्याची मुळं काही द्रव्यं सोडतात, जी मोथ्याच्या जातीतल्या तणांची वाढ रोखतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये रताळी काढताना त्याच खणण्यात मोथ्याच्या गाठी हाताला लागतात. त्या टोपलीत गोळा करा, कडेला भिरकावू नका. हीच एक जागा जिथे मी खणायला सांगतो. दुसऱ्या वर्षीही रताळीच लावा, मोथा एका हंगामात जात नसतो. महाशिवरात्रीला बाजारातून रताळी आणायची गरज पडणार नाही, एवढं नक्की.

ही भरणीची माती मुळात मोथा घेऊनच आली असणार, हेही ध्यानात ठेवा. बागेसाठी ट्रकभर "सुपीक काळी माती" मागवणारे लोक बहुतेक वेळा मोथा विकत घेत असतात. कच्च्या शेणखताचंही तसंच. पुढे काही मागवाल तर ढिगाला पाणी मारून दोन आठवडे ठेवा आणि काय उगवतं ते बघूनच पसरा.

कडुनिंबाखाली काम सोपं आहे. दाट सावलीत गाजर गवत जोर धरत नाही, रानतुळस तिथे असते ती सावलीच्या कडेला. रानतुळस उथळ मुळांची, बी धरण्याआधी ओल्या मातीतून सहज निघते. मग त्या जागी हळद लावा. लोक म्हणतात हळद उन्हाळ्यात दिसत नाही, ती कसलं आच्छादन? पण जुलै ते डिसेंबर हीच रानतुळशीची वेळ आणि हीच हळदीच्या पानांची. मेमध्ये निंबाखाली काही उगवणारच नसतं, मग तेव्हा हळद झोपली तर बिघडलं काय? वर्धा जिल्ह्यातल्या वायगावची हळद भौगोलिक मानांकन मिळालेली आणि आपल्या हवेत मुरलेली आहे, तिचं बियाणं मिळालं तर उत्तम. झाडाच्या अगदी बुंध्याशी, जिथे मुळांमुळे खणता येत नाही, तिथे जांभळ्या पानांचं सेटक्रेशिया किंवा पानओवा. दोन्ही कमी पाण्यावर, कोरड्या सावलीत तग धरतात आणि दोन्ही हाताने उपटता येतात. कुंपणालगत चित्रक चांगला पसरतो, पण त्याच्या मुळांचा रस त्वचेवर फोड आणतो, आणि तुमच्या घरात आधीच एक नाजूक त्वचा आहे, म्हणून तो सोडा. त्याऐवजी कोरांटी लावा.

हिवाळ्याचं बहुतेक लोक विसरतात. गाजर गवत फक्त पावसाळ्यात येत नाही. ऑक्टोबरच्या ओलीवर दुसरी पिढी उगवते, थंडीत जमिनीला चिकटून बसते आणि होळीच्या आसपास फुलते. त्याच वेळी तरोटा वाळलेला आणि मारवेल कापलेलं असतं. इथे भंडारा-गोंदियाच्या धानवाल्यांचा उतेरा उपयोगी पडतो: धान उभं असताना ओल्या बांधीत लाखोळी (लाखेच्या डाळीचं बी) फेकून द्यायची, नांगरायचं काही नाही. तुम्हीही सप्टेंबरअखेर किंवा ऑक्टोबरच्या सुरुवातीला, माती ओली असताना, मारवेलच्या ओळींमध्ये आणि तरोट्याखाली लाखोळी फेका. काळ्या मातीतल्या उरलेल्या ओलीवर ती फेब्रुवारीपर्यंत हिरवी राहते. शेंड्यांची भाजी खा. दाणा मात्र रोजच्या जेवणात नको, सतत खाल्ल्याने पाय लुळे पडण्याचा आजार होतो हे आपल्या आजोबांच्या पिढीने बघितलेलं आहे. वाळल्यावर ती तिथेच पडू द्या, उन्हाळ्यात जमिनीवर तेवढं तरी झाकण राहील. आच्छादन कमी वाटलं तर सोयाबीनचं कुटार किंवा तणस पसरा. पुठ्ठे अंथरण्याची फॅशन आहे, पण नागपुरात पुठ्ठ्याला उधई (वाळवी) लागते. घराच्या भिंतीपासून आणि लाकडी चौकटींपासून ते चार हात लांबच ठेवा.

घराच्या भिंतीलगत तीन-चार फूट जागा बिनझाकलेलीच राहू द्या, फरशी टाका किंवा गिट्टी. पावसाळ्यात दाट आच्छादनात बेडूक येतात आणि बेडकांमागे साप येतात. आपल्याकडे मण्यार आणि घोणस दोन्ही आहेत. मारवेल किंवा रताळ्यात हात घालण्याआधी काठीने हलवून घ्यायची सवय सगळ्या घराला लावा.

या वर्षी ऑगस्टमध्ये प्लॉट बघून निराश होऊ नका. गाजर गवत दिसेलच, पण विरळ आणि बुटकं. फुलं दिसण्याआधी दर पंधरा दिवसांनी एक चक्कर मारून हाताने उपटायचं, पाऊस पडून गेल्याच्या दुसऱ्या दिवशी. बी न धरलेलं असेल तर कंपोस्टमध्ये टाकायला हरकत नाही. पुढच्या पावसाळ्यात मारवेल स्वतःच आधी उठेल, तेव्हा ही चक्कर महिन्यातून एकदा पुरेल. मधे कुठे ठोंब मेले असतील तिथे लगेच नवे लावा. हातभर उघडी जागा राहिली तरी गाजर गवताला तेवढी पुरते.

राहिला शेजारचा प्लॉट, ज्याचा मालक पुण्यात आहे असं तुम्ही लिहिलंत. तिथलं बी पावसाच्या पाण्याबरोबर तुमच्याकडे येत राहणार. त्यांना फोन करून साफसफाई करा म्हणण्यात वेळ घालवू नका, ते मशीनच लावतील. परवानगी तेवढी मागा: मेअखेर त्यांच्या प्लॉटवर, तुमच्या बाजूच्या दहा फुटांत, तरोट्याचं बी फेकण्याची. उताराच्या बाजूला वाळ्याची एक ओळ वीतभर अंतराने लावली तर वाहून येणारा गाळ आणि त्यातलं बरंच बी तिच्या ठोंबांत अडतं. तीन-चार वर्षांनी एखादा ठोंब काढलात तर कूलरच्या जाळीत घालायला त्याच्या मुळ्याही होतील.